चौथ्या वाफ्यातलं मरण

१

रुमाल मेल्याची बातमी बाईंना फोनवर कळली. त्या तेव्हा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"बाई, तुम्ही येता का?" पलीकडून चिमणी बोलत होती, आणि तिचा आवाज रडून बसला होता. "रुमाल गेला. चौथ्या वाफ्यात एकही गाठ नाही. उद्या सकाळी समिती येतेय."

रुमाल म्हणजे कुणी माणूस नव्हे, मांजरही नव्हे. रुमाल म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू. बाईंचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. नवराबायको सहलीला निघाली होती आणि बस मध्येच बंद पडली. बाकीचे लोक ड्रायव्हरला सल्ले देत बसले. बाईंचे यजमान मात्र रस्त्याकडेच्या पडीक जमिनीत शिरले. तिथे कुणी न पेरलेलं हरभऱ्याचं एक झाड उभं होतं. आजूबाजूचं गवतसुद्धा पिवळं पडलेलं, आणि हे एकटं हिरवंगार. त्यांनी घराच्या किल्लीनं माती उकरून ते मुळासकट काढलं. मुळांवर गाठींचे घोसच्या घोस लटकत होते. बाईंच्या हातातला कोरा रुमाल त्यांनी न विचारताच घेतला, मुळं त्यात गुंडाळली आणि जवळचं प्यायचं पाणी वाटभर त्यावर शिंपडत राहिले. बाईंचा सगळा प्रवास कोरड्या घशानं झाला. "लग्नानंतरची पहिली सहल, आणि पाणी प्यालं कोण, तर मुळं," असं त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या, आणि सांगताना हसत राहिल्या.

त्यातल्याच एका गाठीतून प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू तो रुमाल. दफ्तरी त्याला लांबलचक नंबर होता, पण तो कधी कुणाच्या तोंडात बसला नाही. हरभऱ्याच्या मुळात गाठ करून राहायचं, हवेतला नत्र धरून झाडाला खाऊ घालायचा आणि बदल्यात झाडाकडून साखर घ्यायची, एवढा त्याचा संसार. विरजण लावावं तसा तो एका नळीतून दुसऱ्या नळीत लावत लावत बाईंनी नोकरीभर जगवला होता. यजमान गेले, बाई निवृत्त झाल्या, आणि नळ्या चिमणीच्या हाती आल्या. चिमणी म्हणजे बाईंची विद्यार्थिनी. बारीक आवाजामुळे पडलेलं नाव केस पिकले तरी सुटलं नव्हतं, आणि आता ती प्रयोगशाळेची प्रमुख होती.

बाईंना आता काळजी एकच होती. बाईंच्या जुन्या संशोधन केंद्रातली, जिवाणूंच्या नळ्या ठेवायची थंड खोली बंद होणार होती. ज्या जिवाणूंनी शेतात काम करून दाखवलं ते मोठ्या संग्रहात जाणार, आणि बाकीच्यांना वाफेच्या भांड्यात घालून संपवणार. रुमालची परीक्षा म्हणून चिमणीनं चार मोठे वाफे पेरले होते. पहिल्यात काहीच घातलं नव्हतं. दुसऱ्यात नुसता रुमाल होता, तिसऱ्यात नुसतं फॉस्फरसचं खत, आणि चौथ्यात दोन्ही. नत्र धरण्याच्या कामाला जिवाणूला ताकद लागते ती फॉस्फरसमधून, म्हणून चौथा वाफा सगळ्यांत तरारून यायला हवा होता. तो आला होता बरोबर तिसऱ्यासारखा. रुमाल असून नसल्यासारखा.

"दुसऱ्या वाफ्यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तिथे आहेत ना गाठी! बारीक आहेत, पण आहेत. रुमालचं पाकीट तेच, दिवस तोच, माती तीच."

बाईंनी पाण्याचा नळ बंद केला.

"मग तो आपोआप मेलेला नाही, चिमणे," त्या म्हणाल्या. "त्याला कुणीतरी मारलाय. मी निघालेच."

२

केंद्राच्या फाटकातून आत शिरताना बाईंना नेहमी वाटे तसंच वाटलं, की आपण घरी आलो. व्हरांड्यातली फरशी तिथेच उचकटलेली होती. प्रयोगशाळेतून आगर, म्हणजे जिवाणू वाढवायची खळ, शिजल्याचा वास येत होता, भाताच्या पेजेसारखा. सूक्ष्मदर्शकापुढचं उंच स्टूल अजून एका पायानं आखूड होतं आणि त्या पायाखाली अजून घडी घातलेला पुठ्ठा होता. तो पुठ्ठा यजमानांनी घातला होता. बाईंनी त्या स्टुलावर जरा वेळ हात ठेवला आणि मग त्या शेताकडे निघाल्या.

बांधावर भाऊजी वाट बघत उभे होते. भाऊजी म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ. शिक्षणात मन रमेना म्हणून दादानं त्यांना कान धरून इथे आणलं, बी कसं हाताळायचं ते शिकवलं, आणि तेव्हापासून शेताची देखरेख त्यांच्याकडे होती. दादा गेल्यापासून ते कमी बोलत. बाईंना बघून त्यांनी टोपी काढली.

"वहिनी, तुम्हाला यावं लागलं."

"मला यायला निमित्तच हवं असतं, भाऊजी. दाखवा बघू."

पहिला वाफा खुरटलेला होता. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. दुसऱ्यात झाडं फिकट आणि ठेंगणी, शिवाय कुठे घोळक्यानं उगवलेली तर कुठे मोकळं. तिसरा बरा होता. चौथ्याशी येताच बाई थांबल्या. झाडं काही फार जोमदार नव्हती, पण ओळी! एक झाड, मग बोटभर अंतर, मग दुसरं झाड. दोरी धरून ओवल्यासारख्या त्या ओळी शेवटपर्यंत गेल्या होत्या. बाईंचे डोळे भरून आले. यजमान पेरत तेव्हा अशाच ओळी यायच्या, आणि डबा घेऊन आलेल्या बाई बांधावर बसून त्या बघत राहायच्या.

"अगदी त्यांच्यासारखं पेरलंत हो," त्या म्हणाल्या.

भाऊजींच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी काहीतरी उजळलं.

चिमणीनं प्रत्येक वाफ्याच्या मधल्या ओळीतून एकेक झाड काढून बादलीत मुळं धुतली. दुसऱ्या वाफ्याच्या मुळावरची गाठ बाईंनी नखानं फोडली. आतून गुलाबी.

"हे बघ. गाठ आतून गुलाबी असली की समजायचं, जिवाणू कामावर आहे. बिचारा उपाशीपोटी राबतोय, म्हणून गाठ बारीक. पण जिवंत आहे."

चौथ्या वाफ्याचं मूळ धुतलं तसं निघालं, स्वच्छ पांढरं, एकही गाठ नसलेलं. जिथे रुमालला पोटभर खायला होतं, तिथेच तो नव्हता.

"उपाशी जगला आणि जेवायला बसवल्यावर मेला," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "चिमणे, ह्या शेतात आधी कधी हरभरा झालाय?"

"कधीच नाही. म्हणून तर निवडलं. मातीत स्वतःचा जिवाणू नको म्हणून."

चिमणी हातातलं मूळ तसंच धरून होती. ती खाली बघत होती. मग एकदम तिनं मूळ बादलीत टाकलं आणि ओंजळीत तोंड लपवलं.

"बाई, तुम्ही शोधत बसू नका. रुमालला मीच मारलं."

३

प्रयोगशाळेत बसवून, पाणी पाजून बाईंनी तिला बोलतं केलं. पेरणीच्या सकाळी तिला कचेरीतून बोलावणं आलं. रुमाल मिसळलेल्या काळ्या पुडीची पाकिटं तिच्या हातात होती. तिनं ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि परत येईपर्यंत ऊन त्यांच्यावर आलं होतं.

"पाकिटं गरम लागली हाताला. मी कुणाला बोलले नाही. तुम्ही असता तर मला उभं जाळलं असतं."

"जाळलं असतंच," बाई म्हणाल्या. "पण एक सांग, त्या पाकिटांतली अर्धी पूड दुसऱ्या वाफ्याच्या बियांना लागली ना?"

"हो. एकत्र ओतून मिसळली, मग दोन भाग केले."

"मग ऊन काय वाफा बघून मारतं का गं? उन्हानं मेला असता तर दोन्हीकडे मेला असता. डोळे पूस. तुझा गुन्हा गुन्हाच आहे, पण तो हा नव्हे."

चिमणीला एवढं बरं वाटलं की ती आणखीनच रडली. बाईंनी तिला रडू दिलं आणि त्या गोदामाकडे वळल्या.

गोदाम सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मोजमाप म्हणत. त्यांच्याकडून खिळा मागितला तरी ते वजन करून देत. बाईंना बघून ते उठले, पण जरा बिचकूनच. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि त्यांचं नाक चाळवलं. त्यांच्या काळी ह्या गोदामाला कोरड्या धुळीचा वास असायचा, भिंत खरवडल्यासारखा. आता आंबूस काहीतरी नाकात झोंबत होतं.

"काय हो, वास कसला?"

"खताचा. गोदामात खताचा वास यायचाच."

"बियांना कीड-बुरशीचं औषध लावलंत का? मला खरं सांगा. ते लाल औषध जिवाणूला मारतं."

"अजिबात नाही!" मोजमाप दुखावले. "बी आलं तसं दिलं. आणि चारही वाफ्यांना एकाच पोत्यातलं. औषध असतं तर चारही लाल दिसले असते."

हे मात्र खरं होतं. बाईंनी मान डोलावली.

"आणि फॉस्फेटचं खत?"

"मागितलं तेवढं दिलं. मोजून." त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे, गोण दिली ती तिसऱ्या-चौथ्या वाफ्याच्या तासात, सरीच्या तळाशी घालायला. ती बी पडण्याआधीच मातीआड झाली, मी स्वतः पाहिलं. मग तुमचे भाऊजी परत आले आणि आणखी घमेलंभर भुकटी घेऊन गेले."

"कशाला?"

"ते मी कसं सांगू? कमी पडली असेल." मोजमापांनी काट्यावरची नसलेली धूळ झटकली. "बाई, मला काय उलटतपासणी घेताय? घरच्या माणसाला विचारा की."

४

भाऊजींची खोली शेताच्या कोपऱ्यातच होती. त्यांनी पायरीवर सतरंजी टाकली, आत जाऊन चहा केला आणि कप बाईंच्या हातात देऊन स्वतः खालच्या पायरीवर बसले. वहिनींच्या बरोबरीनं ते आजवर बसले नव्हते.

समोर चौथा वाफा पसरला होता. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ओळी आणखीनच रेखीव दिसत होत्या.

"दादा म्हणायचा, पेरणी बघून माणूस ओळखावा," भाऊजी म्हणाले.

"मला तर म्हणायचे, तुझी चपाती बघून तू पेरू शकणार नाहीस हे कळतं."

भाऊजी हसले. बाईंनी चहाचा घोट घेतला.

"भाऊजी, पेरणीच्या दिवशी वेगळं काही केलंत का?"

"छे! नेहमीसारखंच. डिंकाच्या पाण्यात बी भिजवलं, रुमालची काळी पूड चोळली, सावलीत सुकवलं, पेरलं." त्यांनी स्वतःची बोटं उलटसुलट करून बघितली. "वय झालं, एवढंच वेगळं. पूर्वी दिवसभर पेरलं तरी काही वाटायचं नाही. ह्या वेळी बोटं चरचरत होती. नखांशी कातडी फुटली."

"दोन्ही वाफे पेरताना?"

"तसं... दुसरा आधी पेरला. तेव्हा नाही. चौथ्याला."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांची नजर पुन्हा ओळींवर गेली आणि तिथून दुसऱ्या वाफ्यातल्या घोळक्यांवर. दुसऱ्याचं बी डिंकानं एकमेकांना चिकटलं असणार, म्हणून मुठीतून झुबक्यानं पडलं. पण डिंक चौथ्याच्या बियांनाही लावला होता. मग तिथे घोळके का नाहीत? सकाळी बांधावर उभ्या राहून त्या रडल्या होत्या त्या ह्याच ओळींकडे बघून. डोळ्यांत पाणी आलं की समोरचं दिसत नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांना कधीतरी सांगायला हवं होतं.

"चौथ्याचं बी हाताला चिकटत होतं का हो?"

"नाही, नाही. झरझर सुटत होतं."

"का?"

भाऊजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी विचारलं होतं, जेवताना तोंड का उघडलं.

"भुकटीत घोळवलं ना. डिंक लावून झाल्यावर शेवटी फॉस्फेटची भुकटी भुरभुरवायची, म्हणजे दाणे सुटे होतात. दादाची रीत आहे ती. तुम्हाला माहीत नाही का? दुसऱ्या वाफ्याला फॉस्फेट चालणार नव्हतं, म्हणून तिथे केलं नाही. चौथ्याला चालत होतं."

माहीत कसं नसेल! यजमान बियांना पांढुरक्या भुकटीत घोळवत तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत. पण ती भुकटी दगडाची होती, फॉस्फेटच्या खाणीतला दगड दळून केलेली. ती पाण्यात सहजी विरघळत नसे आणि कुणाला चावतही नसे. गोदामाला तिचाच तो भिंत खरवडल्यासारखा वास असायचा. आता तिथे येतं ते कारखान्यातलं सुपर फॉस्फेट, त्याच दगडावर आम्ल ओतून केलेलं. मातीत हातभर दूर पडलं तर झाडाला अमृत, पण ओल्या बियांवर थेट लागलं तर जिवाणूला जाळणारं. नखांशी फुटलेल्या कातडीला ते चरचरलं. रुमालला तर कातडीही नव्हती.

भाऊजी चहा पीत शांतपणे शेताकडे बघत होते. दादाची एवढी एकच वस्तू जगात जिवंत उरली होती, आणि तिला जपायचं म्हणून त्यांनी दादाची रीत काटेकोर पाळली होती.

उद्या कुणाचं नाव घ्यायचं ते बाईंना कळलं. ते घ्यायला जीभ मात्र उचलेना.

५

समितीचे अध्यक्ष वेळेवर आले. बुटांना माती लागू नये म्हणून ते बांधाच्या मधोमध चालत होते, पण माणूस वाकडा नव्हता. चिमणीनं मांडलेले आकडे त्यांनी मन लावून वाचले.

"चौथा आणि तिसरा सारखेच," ते म्हणाले. "म्हणजे जे केलं ते फॉस्फेटनं केलं. तुमच्या जिवाणूनं काय केलं?"

बाई पुढे झाल्या. त्यांनी मोजमापांकडून मूठभर भुकटी मागवली, कपात पाण्यात कालवली आणि त्यात निळा लिटमस कागद बुडवला. कागद लालभडक झाला. मोजमाप आपल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. दगडाची भुकटी येईनाशी झाल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. पाकीट एकच होतं, म्हणून दोष पाकिटाचा नाही. पोतं एकच होतं, म्हणून दोष औषधाचा नाही. तासातलं खत मातीआड होतं, म्हणून त्याचाही नाही. उरलं काय, तर बियांवर बसलेलं काहीतरी, आणि त्याची साक्ष ह्या सरळ ओळी देताहेत. डिंक लावलेलं बी असं सुटं पडतच नाही. त्याला कुणीतरी कोरड्या भुकटीत घोळवलं.

"कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. चिमणीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

"प्रयोगात एक चूक झाली, एवढं पुरे आहे," बाई म्हणाल्या.

"नाही हो पुरे. चूक कुणाची ते कळल्याशिवाय मी ती चूक होती हे कसं मानू?"

"मी," मागून आवाज आला.

भाऊजी बांधावरून खाली उतरले. तोंड पांढरं पडलं होतं. लाल कागद त्यांनी पाहिला होता, आणि पुढचं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"मी घोळवलं. माझ्या हातानं. वहिनींना त्यात ओढू नका."

अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"तुमचा खरेपणा मला पटला," ते हळू म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. जिवाणू का मेला ते कळलं. खायला मिळालं की तो काय करून दाखवतो, हे कुठे दिसलं? ते दाखवणारा एकच वाफा होता, आणि तो तुम्ही घालवलात. नसलेल्या पिकावर मी शेरा कसा देऊ? खोली महिनाअखेर बंद होतेय. माझा नाइलाज आहे."

वाफेचं भांडं बाईंच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनीच ते किती वेळा लावलं होतं, टाकाऊ नळ्यांसाठी, गाणं गुणगुणत. त्या चौथ्या वाफ्याकडे बघत राहिल्या. एवढा मोठा वाफा, आणि एक घमेलं.

"भाऊजी," त्या एकदम म्हणाल्या, "भुकटी पुरली का?"

"काय?"

"घमेलंभर भुकटी ह्या सगळ्या बियांना पुरली का? शेवटपर्यंत?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"नाही. थोडं बी राहिलं होतं. परत गोदामात कुठे जा, म्हणून तसंच चिकट पेरलं. अगदी पलीकडची ओळ, झुडपांच्या कुंपणालगतची. तीसुद्धा अर्धीच."

"चिमणे! त्या ओळीत काय आहे?"

"कडेची ओळ आहे बाई," चिमणी गोंधळून म्हणाली. "कडेची ओळ कुठे मोजतो आपण? तुम्हीच तर शिकवलंत. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त, ती धरायची नाहीत. मी तिकडे गेलेच नाही."

बाई निघाल्यासुद्धा होत्या. त्यांच्या मागे चिमणी, तिच्यामागे भाऊजी, आणि शेवटी बूट विसरून थेट मातीतून अध्यक्ष.

कडेची ओळ अर्ध्यापर्यंत इतर ओळींसारखीच होती, सुटी, सरळ, फिकी. मग एका ठिकाणी, हातानं रेघ ओढावी तशी, ती बदलत होती. पुढची झाडं घोळक्याघोळक्यानं उगवली होती, आणि ती काळपट हिरवी होती, इतकी हिरवी की चिमणीच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. फांद्यांना घाटे लगडले होते. तेच कुंपण, तेच ऊन, तेच तासातलं खत. फरक होता तो फक्त बियांवर भुकटी नसण्याचा.

"कडेमुळे असेल तर पूर्ण ओळ अशी हवी होती," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "उपटा. तुम्हीच उपटा, साहेब."

अध्यक्षांनी वाकून एक झाड उपटलं आणि माती झटकली. मुळांवर गाठींचे घोस होते, मोठे, भरलेले. त्यांनी एक गाठ स्वतः फोडली आणि अंगठ्याला लागलेल्या गुलाबी रंगाकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला तुम्ही काय म्हणता म्हणालात?"

"रुमाल."

"संग्रहात नंबर लागेल हो. रुमाल चालायचा नाही." ते उठले आणि गुडघे झटकले. "पण नळ्या पाठवून द्या. पुढच्या हंगामात पुन्हा पेरा, आणि भुकटीचं तेवढं बघा."

चिमणी आता आनंदानं रडत होती. तिचं ते एक बरं होतं, कुठल्याही प्रसंगाला चालायचं.

६

समिती गेल्यावर बाई भाऊजींना शोधत निघाल्या. ते शेताच्या नळावर होते. हात धूत होते. धुतलेलेच हात ते पुन्हा पुन्हा धूत होते.

"भाऊजी, वाचला तो. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मोजमापांनी सांगितलं नाही म्हणून वाचेन मी, वहिनी. चिमणी म्हणतेय, तिनं पाकिटं उन्हात ठेवली, म्हणूनही वाचेन. सगळे म्हणतील, जाऊ दे, बिचाऱ्यानं भावाच्या मायेनं केलं." त्यांनी नळ बंद केला, पण ते वळले नाहीत. "दादा असता तर काय म्हणाला असता?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण समोर यजमान उभे राहिले, भुवया पांढऱ्या, कपाळाची शीर तट्ट फुगलेली.

"शिव्या घातल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आधी मोजमापांना. मग तुम्हाला. सगळ्या शेताला ऐकू जातील अशा."

"तेच." भाऊजींचा आवाज चिरकला. "आणि मग संध्याकाळी जेवायला हाक मारली असती. शिव्या खाल्ल्या की मला मोकळं वाटायचं. तो गेल्यापासून मला कुणी रागावलंच नाही, वहिनी. सगळे मानानं वागवतात. चुकलो तरी मानानं."

बाई त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. पाठ अगदी यजमानांसारखी होती, हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्न करून आल्या तेव्हापासून त्यांनी ह्या माणसाला अहोजाहो केलं होतं, पहिला वाढलेला घास त्याच्या ताटात घातला होता, आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. त्यांनी पदर खोचला.

"गाढवा!" त्या ओरडल्या. भाऊजी दचकून वळले. "नाक आहे ना तुला? आंबूस वास येत नव्हता? बोटं फुटेपर्यंत चरचरलं तरी विचारावंसं वाटलं नाही, की ही कसली भुकटी? फोन आहे ना हातात? वहिनी मेलीय का तुझी? दादानं शिकवलं म्हणे! दादा दर पोतं उघडून जिभेला लावून बघायचा, ते नाही शिकलास? नुसत्या सरळ ओळी शिकलास, अर्धवट कुठला!"

आवाज शेतभर गेला. गोदामाच्या दारातून मोजमाप चटकन आत सरले.

भाऊजी हात छातीशी जोडून, मान खाली घालून उभे होते, शाळेतल्या पोरासारखे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"चुकलो," ते म्हणाले.

"चुकलासच," बाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज धड राहिला नव्हता. "चल, जेवायला चल."